‘टर्मिनेटर २’ : तबकडी घरात, किल्ली परक्या हाती

२००३ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील दुकानांत एका जुन्या चित्रपटाची नवी डीव्हीडी आली. चित्रपट होता जेम्स कॅमेरॉन दिग्दर्शित ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’, आणि आवृत्तीचे नाव ‘एक्स्ट्रीम डीव्हीडी’. वेष्टनात दोन तबकड्या होत्या. पहिली कोणत्याही डीव्हीडी प्लेअरवर चालणारी, तर दुसरीवर संगणकासाठी तयार केलेली, तेव्हाच्या मानाने अपूर्व स्पष्टतेची हायडेफिनिशन प्रत. आज त्या संचातील पहिली तबकडी बिनदिक्कत चालते. दुसरीवरची ती प्रत मात्र, तबकडीवर एकही ओरखडा नसला तरी, उघडत नाही. विकत घेतलेला चित्रपट खरोखर कोणाच्या मालकीचा असतो, या प्रश्नाचे इतके नेमके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

या चित्रपटाचा घरगुती तबकड्यांचा इतिहास तीन दशकांचा आहे. लेझर डिस्कपासून फोर-के ब्ल्यू-रेपर्यंत प्रत्येक नव्या तंत्राने आपली ओळख करून देण्यासाठी याच चित्रपटाचा आधार घेतला. त्यामुळे या एका चित्रपटाच्या तबकड्या क्रमाने मांडल्या, तर तंत्र कसे पुढे गेले हे जसे कळते, तसे त्या वाटचालीत काय हरवले हेही कळते.

दहा कोटींचा जुगार

मूळ ‘टर्मिनेटर’ १९८४ सालचा. तुलनेने माफक खर्चाचा. ३ जुलै १९९१ रोजी प्रदर्शित झालेला त्याचा पुढचा भाग मात्र दहा कोटी डॉलरच्या घरातला खर्च करून उभा राहिला. तोवर कोणत्याही चित्रपटावर एवढा पैसा ओतला गेला नव्हता. पहिल्या भागात सारा कॉनरच्या जिवावर उठलेला यंत्रमानव या भागात तिच्या मुलाचा रक्षक होऊन येतो. त्याच्यासमोर उभा ठाकतो तो द्रवरूप धातूचा, हवे ते रूप घेणारा टी-१०००. अर्नोल्ड श्वार्झनेगर, लिंडा हॅमिल्टन आणि रॉबर्ट पॅट्रिक यांच्या या चित्रपटाने जगभर पन्नास कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला आणि दृक्‌परिणाम, ध्वनी, ध्वनिपरिणाम संकलन व रंगभूषा अशी चार ऑस्कर पारितोषिके मिळवली.

‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ने संगणकावर घडवलेली टी-१०००ची दृश्ये सारी मिळून काही मिनिटांचीच होती. उरलेली करामत स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनी बनवलेल्या बाहुल्यांची आणि मुखवट्यांची. चकाकणारा धातू, निळसर रात्री आणि कानठळ्या बसवणारे पाठलाग यांमुळे हा चित्रपट दूरचित्रवाणी संच आणि ध्वनियंत्रणा विकणाऱ्या दुकानदारांचा लाडका ठरला, यात नवल नाही.

कात्रीतून सुटलेली पंधरा मिनिटे

चित्रपटगृहात दाखवलेली प्रत १३७ मिनिटांची होती. १९९३ साली लेझर डिस्कवर आलेल्या ‘स्पेशल एडिशन’मध्ये सुमारे पंधरा मिनिटांची वगळलेली दृश्ये पुन्हा जोडण्यात आली. लेझर डिस्क ही तीस सेंटिमीटर व्यासाची, ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डएवढी तबकडी. एका बाजूला जास्तीत जास्त तासाभराचे चित्रण मावत असल्याने अडीच तासांच्या चित्रपटासाठी ती दोनदा तरी उलटावी वा बदलावी लागे. तरीही हौशी प्रेक्षकांनी तिचे स्वागत केले, कारण तिच्यात केवळ ‘अधिक’ नव्हते, ‘वेगळे’ही होते.

परत आलेल्या दृश्यांतील सर्वांत महत्त्वाचे दृश्य यंत्रमानवाच्या डोक्यातील चिप काढण्याचे. सारा आरशासमोर त्याच्या डोक्यातील चिप बाहेर काढते आणि ती हातोडीने फोडून टाकायला निघते; मुलगा तिला अडवतो. दृश्य साकारण्याची युक्ती साधी होती. तिथे आरसा नव्हताच. अलीकडे श्वार्झनेगर यांच्या डोक्याची प्रतिकृती आणि तिच्यामागे लिंडा हॅमिल्टन यांची जुळी बहीण. पलीकडे, चौकटीच्या मोकळ्या भागातून दिसणारे खरे श्वार्झनेगर आणि खरी लिंडा. दोघी बहिणी एकमेकींच्या हालचाली हुबेहूब करीत होत्या.

हे दृश्य वगळल्यास कथानक कुठे अडत नाही. मात्र त्याचा तोल बदलतो. यंत्रमानव ‘शिकू’ कसा लागला, आणि त्याच्याविषयी साराच्या मनात किती खोल द्वेष आहे, हे याच दृश्यातून स्पष्ट होते. म्हणजे दोन प्रती म्हणजे एकाच चित्रपटाची लांब आणि आखूड रूपे नव्हेत. त्यांत एक पात्रच निराळे उमटते. यातली ‘खरी’ प्रत कोणती, या वादाची सुरुवात येथे झाली.

एका तबकडीत तीन चित्रपट

डीव्हीडी १९९६च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ साली अमेरिकेत अवतरली. बारा सेंटिमीटरच्या तबकडीच्या एका बाजूवर दोन थर असले, तर साडेआठ गिगाबाइट माहिती मावते. साधा हिशेब केला, तर १३७ मिनिटांच्या चित्रपटाला त्यात सेकंदामागे सुमारे आठ मेगाबिट मिळतात, आणि तेवढ्यात उत्तम चित्र उमटते. परंतु १३७ आणि १५२ मिनिटांच्या दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवायच्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम चार मेगाबिट येतात. मग धुरात, स्फोटांत आणि वेगवान पाठलागांत चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात.

ऑगस्ट २००० मधील ‘अल्टिमेट एडिशन’ने यावर तोड काढली. दोन्ही प्रतींतला सामाईक भाग एकदाच साठवायचा आणि वाढीव दृश्ये वेगळी ठेवायची. प्रेक्षकाने निवड केली की प्लेअर योग्य जागी उडी मारून हवा तो तुकडा वाचून पुन्हा मूळ वाटेवर येतो. उडीच्या क्षणी चित्र थांबू नये म्हणून प्लेअर पुढचा थोडा भाग आधीच वाचून स्मृतीत ठेवतो. अशा रीतीने दोन चित्रपटांना सुमारे एकाच चित्रपटाची जागा पुरली.

ही तबकडी दोन्ही बाजूंना दोन-दोन थर असलेली होती. अशा तबकड्या बनवणे कारखान्यांना जिकिरीचे जाई. म्हणूनच तो प्रकार पुढे फारसा रुळला नाही. तिच्यात एक गंमतही दडवलेली होती. यादीच्या पानावर ८२९९७ हे आकडे दाबले की तिसरी, आणखी लांब प्रत उघडे. २९ ऑगस्ट १९९७ हा कथेतील महासंहाराचा दिवस. अमेरिकन पद्धतीने लिहिला की तोच आकडा होतो. या तिसऱ्या प्रतीत कॅमेरॉन यांनी बाजूला ठेवलेला शेवट होता : संहार टळला आहे, २०२९ साल उजाडले आहे आणि वृद्ध सारा बागेत बसून आपल्या सिनेटर झालेल्या मुलाकडे पाहते आहे. प्रदर्शित चित्रपटाचा शेवट मात्र अंधाऱ्या रस्त्यावर, अनिश्चिततेत होतो. सारे सुखरूप झाले असे दाखवणारा शेवट पक्का ठरला असता, तर २००३च्या तिसऱ्या भागाची वाट बरीच अवघड झाली असती.

भारतातील प्रेक्षकाला त्या काळी हे वैभव क्वचितच लाभे. येथे घराघरांत पोहोचली ती व्हिडिओ सीडी. एका सीडीत ७४ मिनिटांच्या आसपास चित्रण मावत असल्याने चित्रपट दोन तबकड्यांत विभागला जाई आणि चित्राची स्पष्टता डीव्हीडीच्या पावपटीएवढीच असे. डीव्हीडीलाही प्रदेशांच्या भिंती होत्या. अमेरिका-कॅनडा हा विभाग १, तर भारत विभाग ५. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाने हौसेने आणलेली तबकडी येथील प्लेअरने नाकारावी, हा अनुभव मुंबई-पुण्यातील अनेकांच्या परिचयाचा आहे. सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारे प्लेअर बाजारात लोकप्रिय झाले ते यामुळेच.

दूरच्या संगणकाची परवानगी

या पार्श्वभूमीवर २००३ची ‘एक्स्ट्रीम’ आवृत्ती आली. ब्ल्यू-रे अजून तीन वर्षे दूर होती. साध्या डीव्हीडीच्या जागेत हायडेफिनिशन चित्र बसवायचे, तर जुनी एमपीईजी-२ पद्धत पुरेशी नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज मीडिया’ या नव्या संक्षेपण पद्धतीने ते साधले. त्यासाठी तेव्हाचा अत्यंत वेगवान, तीन गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा संगणक हवा होता. ज्यांच्याकडे तो होता, त्यांनी घरात बसून प्रथमच चित्रपटगृहाच्या जवळ जाणारे चित्र पाहिले.

परंतु त्या प्रतीला कुलूप होते आणि कुलपाची किल्ली तबकडीत नव्हती. चित्रपट सुरू करताना संगणकाने इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरशी संपर्क साधायचा, परवाना मागायचा आणि तो मिळाला तरच चित्र उमटायचे. परवाना मागणारा अमेरिका किंवा कॅनडात आहे की नाही, हेही तो सर्व्हर तपासत असे. अन्य देशांत पैसे मोजून घेतलेली प्रतही उघडत नसे. पुढे तो सर्व्हर बंद झाला आणि अमेरिकेतल्या ग्राहकालाही कुलूप उघडता येईना. माणसाच्या नियंत्रणातून सुटलेल्या संगणकजाळ्याची भीती घालणाऱ्या चित्रपटाची ती प्रत एका बंद पडलेल्या संगणकामुळे मुकी व्हावी, हा योगायोग विलक्षण खरा. मात्र ज्याने रोख पैसे मोजले, त्याच्या दृष्टीने तो निव्वळ तोटा होता.

कुलूप लावणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. हायडेफिनिशन प्रत म्हणजे चित्रपटगृहाच्या तोडीची प्रत. ती मोकळी सोडली, तर तिच्या असंख्य नकला निघतील, अशी धास्ती निर्मात्यांना होती, आणि त्या काळातील चोरट्या सीडींचा सुळसुळाट पाहता ती निराधार नव्हती. चूक कुलूप लावण्यात नव्हती. किल्ली किती वर्षे सांभाळणार, याचे उत्तरदायित्व कोणावरच नव्हते, ही खरी चूक होती.

त्यातच कंपन्या बदलत राहतात. चित्रपट बनवणारी ‘कॅरोल्को’ १९९५ साली दिवाळखोरीत निघाली आणि तिचा चित्रपटसंग्रह फ्रान्सच्या कॅनल प्लस समूहाकडे गेला. अमेरिकेत तबकड्या काढणारी ‘लाइव्ह एंटरटेनमेंट’ पुढे ‘आर्टिझन’ झाली आणि २००३च्या अखेरीस ‘लायन्सगेट’मध्ये विलीन झाली. मालक बदलले तरी विकलेली साधी डीव्हीडी चालत राहिली, कारण तिला कोणाला विचारावे लागत नाही.

स्वच्छ केले, आणि काय गेले?

२००६ साली ब्ल्यू-रे आली. साध्या डीव्हीडीच्या सहापट चित्रबिंदू आणि २५ किंवा ५० गिगाबाइट जागा. ‘टर्मिनेटर २’ तिच्याही पहिल्या तुकडीत होता. २००९ साली ‘स्कायनेट एडिशन’ निघाली. मग २०१७ साली मूळ निगेटिव्हवरून फोर-के प्रत तयार झाली, चित्रपटाची त्रिमित आवृत्ती चित्रपटगृहांत झळकली आणि त्यापाठोपाठ अल्ट्रा एचडी तबकडी आली.

येथे वेगळाच वाद उद्भवला. फिल्मवर घेतलेल्या चित्रात बारीक कण असतात. रसायनाच्या थरातील रजतक्षारांमुळे ते उमटतात. तो दोष नव्हे, चित्राचा पोतच तो. नव्या प्रतीत संगणकाच्या साह्याने हे कण बहुतांशी पुसण्यात आले. कणांबरोबर त्वचेवरील बारकावे, कापडाचे विणकाम, केसांच्या बटाही पुसट झाल्या. चेहरे मेणाचे वाटतात, अशी टीका समीक्षकांनी आणि संग्राहकांनी केली. शिवाय काही जुन्या त्रुटी दुरुस्त झाल्या. पाठलागात पुलावरून उडी घेताना ट्रकची निखळलेली काच पुढच्या क्षणी पुन्हा जागेवर दिसे. ती चूक मिटवण्यात आली. मोटारसायकलच्या उडीत ओळखू येणाऱ्या स्टंटमनच्या जागी नायकाचा चेहरा बसवण्यात आला.

दिग्दर्शकाला आपल्या कृतीत सुधारणा करण्याचा अधिकार आहे, यात शंका नाही. कॅमेरॉन यांच्या देखरेखीखालीच हे काम झाले. परंतु १९९१ साली प्रेक्षकांनी जो चित्रपट पाहिला, तो आहे तसा कुठेतरी उपलब्ध राहावा, ही अपेक्षाही गैर नाही. जुनी इमारत रंगवताना तिच्या भिंतींवरचे नक्षीकाम खरवडून काढले, तर त्याला जीर्णोद्धार म्हणावे का, असाच हा प्रश्न. येथे जुन्या तबकड्यांचे मोल कळते. चित्र कमी स्पष्ट असले, तरी त्या बदलत नाहीत. मालकाने मत बदलले म्हणून कपाटातली तबकडी रात्रीतून नवी होत नाही.

कपाट आणि प्रवाह

तबकड्यांचा काळ मात्र ओसरत चालला आहे. टपालाने डीव्हीडी पाठवण्यापासून धंदा सुरू करणाऱ्या नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये ती सेवा थांबवली. अमेरिकेतील ‘बेस्ट बाय’ या मोठ्या विक्रेत्याने २०२४ मध्ये चित्रपटांच्या तबकड्या विकणे सोडले. आता चित्रपट ‘प्रवाहा’तून येतो. सोय मोठी आहे. परंतु २००३च्या त्या दुसऱ्या तबकडीची अट आज साऱ्याच चित्रपटांना लागू झाली आहे. दूरच्या सर्व्हरने होकार दिला, तरच चित्र उमटते. कोणती प्रत दाखवायची, कोणत्या देशात दाखवायची आणि केव्हा काढून घ्यायची, हे तिकडेच ठरते.

प्रेक्षकाने यातून काय घ्यावे? ज्या चित्रपटाकडे पुन्हा पुन्हा परतावेसे वाटते, त्याची एक तरी प्रत अशी असावी की जिला कोणाची परवानगी लागत नाही. जुनी डीव्हीडी टाकून देण्यापूर्वी तिच्यावरची प्रत कोणती आहे, तीच प्रत नव्या आवृत्तीत आहे का, हे एकदा तपासावे. नवे घेताना वेष्टनावरच्या विशेषणांपेक्षा लहान अक्षरांतील अटी वाचाव्यात. ‘एक्स्ट्रीम’ आवृत्तीच्या दोन तबकड्या एकाच दिवशी, एकाच किमतीत, एकाच वेष्टनात विकल्या गेल्या होत्या. एक अजून बोलते, दुसरी गप्प आहे. दोघींत फरक होता तो एवढाच, की पहिलीची किल्ली घेणाऱ्याच्या हाती दिली गेली होती.