शेंगदाण्यापासून कढईपर्यंत

1900 सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं. इंजिन खनिज तेलासाठी बांधलेलं, त्यात काही फेरफार नाही. तरी ते इतकं सुरळीत चाललं, की ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानात आली, असं रुडॉल्फ डिझेलनं 1912 मध्ये नोंदवलं. कल्पना फ्रेंच सरकारची: आफ्रिकेतल्या वसाहतींत शेंगदाणा भरपूर, तर तिथली इंजिनं त्यावरच चालवावीत!

आजच्या इंजिनात मात्र घाण्याचं तेल थेट ओतू नये. ते डिझेलच्या दहापट दाट असतं. फवारा नीट फुटत नाही, तेल अर्धवट जळतं आणि नोझलवर काजळी धरते. 1937 मध्ये ब्रसेल्सच्या शावान यांनी पाम तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करण्याचं पेटंट घेतलं, तो यावरचा उपाय. आज बहुधा मिथेनॉल वापरतात. त्यात थोडा कॉस्टिक सोडा विरघळवून ते मिश्रण साठ अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात घोळवायचं. मेदाम्लं ग्लिसरीनला सोडून मिथेनॉलला धरतात. जड ग्लिसरीन तळाशी बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. शंभर किलो तेलामागे साधारण दहा किलो ग्लिसरीन निघतं. तळणाच्या तेलात सुटी मेदाम्लं जास्त असली तर सोड्याशी मिळून साबणच तयार होतो. म्हणून आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते. प्राण्यांच्या चरबीचं बायोडिझेल पेट घ्यायला चांगलं, पण थंडीत लवकर गोठतं.

जुन्या गाडीत आणखी एक गंमत होते. बायोडिझेल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटा करतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. पहिला फिल्टर लवकर बदलावा. जुने रबरी पाइपही तपासावेत.

आपल्याकडे 31 डिसेंबर 2002 रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेलवर धावली. मग बायोडिझेलसाठी मोगली एरंड (जट्रोफा) लावण्याची लाट आली. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून भरघोस बी मिळेल हा हिशोब कागदावरच राहिला. माझ्या मते तिथं इंजिन नव्हे, शेतीचा अंदाज चुकला.

आता बायोडिझेलसाठी नजर कढईतल्या वापरलेल्या तेलावर आहे. तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते खाण्यास बाद, असा 2018 पासूनचा नियम आहे. हे तेल गोळा करणाऱ्याला ते स्वस्तात नेऊन पुन्हा भजी तळणाऱ्या गाडीवाल्यापेक्षा चढा भाव द्यावा लागतो.