योगासनांची चटई : रंगापेक्षा पकड महत्त्वाची
कोलकाता : दमट हवेच्या शहरात योगासनांची चटई निवडताना रंगापेक्षा पकड पाहणे आवश्यक ठरते. घामाने ओलावलेल्या गुळगुळीत पीव्हीसी चटईवरून हात घसरल्यास मनगट दुखावू शकते. राष्ट्रीय ताग मंडळाचे मुख्यालय असलेल्या कोलकात्यात तागाच्या चटईचा पर्याय जवळचा आहे. ताग घाम शोषतो. मात्र चटई जमिनीवर सरकू नये म्हणून तिच्या खालच्या बाजूस रबराचा थर असावा. साधारणतः ४ ते ६ मिलिमीटर जाडी पुरेशी असते. त्याहून जाड व मऊ चटईवर उभ्या आसनांत तोल सांभाळणे कठीण जाते.

वापरानंतर चटई ओलसर फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. कडक उन्हात रबराला चिरा पडतात, तर ओली गुंडाळून ठेवल्यास तागाला बुरशी लागते. रबर सुटू लागताच चटई बदलणे हिताचे.