सही तुमची, कर दुसऱ्याचा

मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी नाहीतर जिल्हा परिषदेतल्या कामासाठी तुम्ही औरंगपुऱ्यात येत असालच. काम उरकले की हॉटेलात चहा होतो. तिथे कधी ओळखीच्याच्या ओळखीचा एखादा माणूस शेजारी येऊन बसतो. पाऊसपाणी विचारतो, बाजारभावावर हळहळतो आणि मग हळूच म्हणतो, "दादा, सातबारा, आधार आणि पॅनची झेरॉक्स तेवढी द्या. दोन सह्या करा. शेतीला कर नाही, तुम्हाला कसली भीती? वर्षाला काही हजार घरबसल्या मिळतील."

त्याचे एक वाक्य खरे आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पण नेमकी हीच सवलत त्याच्या मालकाला हवी असते. ज्याला दडवलेला पैसा उजळ करून घ्यायचा आहे, तो म्हणतो, हे माझे शेतीचे उत्पन्न. त्यासाठी जमीन हवी, ती कसायला घेतल्याचा कागद हवा, माल विकल्याच्या पट्ट्या हव्यात. जमीन तुमची, सही तुमची. तुमच्या शेतात कापूस उभा असतो आणि त्याच्या कागदावर त्याच शेतात लाखो रुपयांचे आले नाहीतर मोसंबी पिकते!

हे उघडकीला येणे फार अवघड नाही. सातबाऱ्यावर पीकपेरा असतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बाजार समितीत आवक लिहिलेली असते. एकरी किती क्विंटल आले निघते हे साहेबाला ठाऊक नसेल, पण तोही कुणाला तरी विचारतोच.

आणि आयकर खाते आपल्या भागात पोचत नाही, असे समजू नका. ऑगस्ट 2022 मध्ये जालन्याच्या पोलाद उद्योगातील दोन समूहांवर छापे पडले. अधिकारी लग्नाच्या वऱ्हाडासारख्या सजवलेल्या गाड्यांतून आले, असे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले होते. 56 कोटींहून अधिक रोकड जप्त झाल्याचे खात्याने सांगितले. छापा पडला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे, ते कोर्ट ठरवते. पण छाप्यात कागद सापडतात, आणि कागदावर नावे असतात.

"मी तर नुसती सही केली" ही सबब तिथे पुरत नाही. 1961 च्या आयकर कायद्याची जागा 1 एप्रिल 2026 पासून 2025 च्या नव्या कायद्याने घेतली. जुन्या कायद्यात खोटा हिशेब देण्यास जाणूनबुजून मदत करणाऱ्याला कर बुडवणाऱ्यासारखीच शिक्षा सांगितली होती. बुडवू पाहिलेला कर 25 लाखांच्या वर असेल तर सहा महिने ते सात वर्षे सक्तमजुरी, कमी असेल तर तीन महिने ते दोन वर्षे, शिवाय दंड. कलमांचे आकडे आणि शिक्षेच्या मुदती बदलतात, पण मदत करणारा नव्या कायद्यातही सुटलेला नाही. यात 'जाणूनबुजून' हा शब्द मोठा आहे. ज्याला फसवून सही घेतली, त्याला बाजू मांडता येते. पण दरवर्षी ठरलेले पैसे हातात घेतले असतील, तर "मला ठाऊक नव्हते" हे कोण ऐकेल?

याहून वाईट प्रकार जीएसटीचा. तुमच्या आधार-पॅनवर कुणी भलतीच फर्म काढतो. माल हलत नाही, नुसती बिले फिरतात आणि त्या बिलांवर सरकारकडून कराची वजावट लाटली जाते. खरा खेळणारा पसार होतो आणि नोटीस मात्र तुमच्या गावी येते. जीएसटी कायद्याच्या 132 व्या कलमात रक्कम पाच कोटींच्या वर गेली की पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. जन्मात कोटीचा आकडा न लिहिलेल्या माणसाच्या नावावर तो लागतो.

याच औरंगपुऱ्यात जोतीराव फुल्यांचा पुतळा आहे. अक्षरशत्रू शेतकऱ्याला कागदात कसे गुंतवतात, हे त्यांनी 1883 साली पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडून ठेवले आहे. आता तुमच्या घरात दहावी-बारावीची मुले-मुली आहेत. कारभारणीने हट्ट धरावा की मुलीने वाचून दाखवल्याशिवाय घरातल्या कुणाचीही सही व्हायची नाही. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगणे हीसुद्धा सहीच, बरं का.

कागद आधीच दिले असतील तर लाजून गप्प बसू नका. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅनचा नंबर घालून त्या नंबरावर नोंदणी आहे का, हे पाहता येते. मुलांना ते सहज जमेल. आपण न काढलेली फर्म निघाली, तर जीएसटी कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि शिक्का मारलेली प्रत घरी जपून ठेवा. नोटीस आली असेल तर मुदतीत उत्तर द्या, त्यासाठी वकील नाहीतर करसल्लागार गाठा.

आणि पुढच्या खेपेला औरंगपुऱ्यात झेरॉक्स काढाल, तेव्हा दुकानातच पेन मागून घ्या. प्रतीवर आडवे लिहा: कोणत्या कामासाठी दिली, कुणाला दिली, तारीख काय. मजकूर झाकू नका, पण अक्षरे कागदाच्या मधोमध येऊ द्या.