सामाईक डिस्कची राखीव प्रत

मायक्रोसॉफ्टने १९९७ साली विंडोज एनटीसाठी दोन सर्व्हरांचा ‘क्लस्टर’ आणला. त्यात माहितीची डिस्क दोघांनाही जोडलेली असते, पण ताबा एका वेळी एकाचाच. तो बंद पडला की दुसरा ताबा घेतो. मग राखीव प्रत कशाला? कारण चुकून पुसलेली फाइल दोघांनाही पुसलेलीच दिसणार!

मात्र प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमला ‘पहिल्या सर्व्हरची डिस्क’ असा पत्ता दिला, तर ताबा बदललेल्या रात्री त्याला तिथे डिस्कच सापडत नाही. हजेरीपट शिक्षकाच्या नव्हे, वर्गाच्या नावे असतो. तसेच इथेही डिस्कबरोबर फिरणारे क्लस्टरमधील आभासी नाव द्यावे. प्रत्येक सर्व्हरची आतली डिस्क मात्र त्याच्या स्वतःच्याच नावे नोंदवावी. ती कुठे जात नाही. मग ताबा मुद्दाम दुसऱ्याकडे देऊन एक रात्र प्रत घेऊन पाहावी, आणि त्या प्रतीतून एखादी फाइल परत मिळते का, तेही.