पायाखालचे चित्र

जपानमधील आइची-नागोया येथे १९ सप्टेंबर २०२६ पासून होणाऱ्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने स्केटबोर्डिंगची चर्चा पुन्हा सुरू झाली असली, तरी ती पदके, पात्रता आणि मैदानांचा अभाव यांपलीकडे क्वचितच जाते. पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवल्यानंतर हा खेळ महाराष्ट्रात निदान बातमीच्या पानावर आला. परंतु त्याची जी बाजू घरच्या गॅलरीत जुनी वर्तमानपत्रे अंथरून चालते, म्हणजे फळीच्या तळावर स्वतःच्या हाताने चित्र काढण्याची, ती उपेक्षितच राहिली आहे.

या हौसेला जुनी परंपरा आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियातील व्हेनिस-सांता मोनिका परिसरात वेस हम्पस्टन हा तरुण मित्रांसाठी फळ्या तासून त्यांच्या तळावर हाताने चित्रे काढत असे, आणि त्यातूनच १९७६ मध्ये जिम म्युर याच्यासह ‘डॉगटाउन’ ही कंपनी उभी राहिली. पुढे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी वापरणारी स्क्रीन-छपाई आली आणि त्यानंतर प्लॅस्टिकच्या पातळ पटलावरचे चित्र उष्णतेने फळीवर चिकटवण्याची पद्धत रुजली, जी स्वस्त आणि झटपट असली तरी तिने हाताचे काम कारखान्याबाहेर काढले.

हेच पटल घरी रंगवणाऱ्याची पहिली अडचण ठरते, कारण ते पॉलिश पेपरने, आधी १२० आणि मग २२० क्रमांकाच्या, पूर्ण घासून काढल्याशिवाय ॲक्रिलिक रंग लाकडाला धरत नाही. फळी सहसा मेपलच्या सात पातळ थरांची असते आणि थरांच्या उघड्या कडांतून पाणी आत शिरले की ते सुटू लागतात. त्यामुळे चित्राइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष कडा बंद करण्याकडे द्यावे लागते. रंगाच्या पेनांनी काढलेल्या चित्रावर ब्रशने वॉर्निश ओढल्यास रेषा फिसकटतात, म्हणून वरचा लेप फवाऱ्याने, हलक्या हाताने आणि थांबून थांबून द्यावा लागतो.

ठाणे खाडीच्या काठी वसलेल्या आणि एकमेकांना खेटलेल्या घरांच्या नवी मुंबईतील घणसोली गावासारख्या ठिकाणी हे थांबणेच कठीण असते. लॅकरमधील थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतील बाष्प त्यावर साचते आणि पारदर्शक व्हायला हवा तो लेप दुधाळ होतो. फर्निचरचे पॉलिशवाले भर पावसात असे काम शक्यतो टाळतात ते उगाच नव्हे. जून ते सप्टेंबर या काळात गावठाणातील होतकरू चित्रकाराने रेखाटने करावीत आणि लेप ऑक्टोबरच्या उन्हावर सोडावा, हे बरे.

काय काढावे, हा प्रश्न मात्र तंत्राहून अधिक गुंतागुंतीचा आहे. पहिली पसंती बहुधा वारलीला मिळेल, कारण पांढऱ्या रेषा आणि गेरूची पार्श्वभूमी फळीच्या लांबट आकारात सहज बसतात. पण तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेले नर्तक फळीच्या मध्यावर काढले, तर लोखंडी कठड्यावरून किंवा कट्ट्याच्या काठावरून फळी घासत नेण्याच्या कसरतीत, जिला ‘बोर्डस्लाइड’ म्हणतात, सर्वांत आधी तो तारपावालाच खरवडून निघतो, कारण दोन्ही चाकजोड्यांमधला मधला पट्टाच त्या कसरतीत झिजतो. याहून गंभीर गोष्ट अशी, की वारलींमध्ये लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाष्णींनी काढायच्या चौकात पालघट देवी असते आणि तिच्या चित्राला तेथे विधीचे स्थान असते; त्याची नक्कल पायाखाली घेणे हे अज्ञान असले तरी क्षम्य नाही. गणपती किंवा शिवछत्रपती तळावर रंगवण्याचे धाडस महाराष्ट्रात कोणी करणार नाही, मग आदिवासींच्या देवीला वेगळा न्याय का? वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित वस्तूच्या नावाला मिळणारे कायद्याचे संरक्षण, लाभले असल्याने अशा फळ्या ‘वारली’ म्हणून विकणे हा निव्वळ अभिरुचीचा मामला राहत नाही.

घणसोलीकरांना विषयासाठी वारलींच्या डहाणूपर्यंत जाण्याची गरजही नाही. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. मात्र नवी मुंबईच्या चौकाचौकांत हा पक्षी इतका उभा केला आहे, की फळीवर तरी त्याला विश्रांती द्यावी. त्यापेक्षा मिठागरांचे चौकोन, भरती-ओहोटीच्या रेषा, खारफुटीची मुळे यांत फळीला शोभणारी आणि झिजली तरी बिघडणार नाही अशी रचना आहे.

नवशिक्याने पहिला प्रयोग नव्या फळीवर करू नये. जुनी, टोकाला झिजलेली फळी घ्यावी, चाके आणि त्यांचे आस काढून स्क्रूची आठही भोके चिकटपट्टीने बुजवावीत आणि फवारा उघड्या हवेत, तोंडाला योग्य मास्क लावूनच मारावा.