भराव पडण्याआधी

मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११मध्ये सुरू झालं, अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये खुला झाला आणि आता रेवस–रेड्डी सागरी महामार्गावरच्या पुलांची कामं हाती घेतली गेली आहेत. या काळात रायगडच्या भातखाचरांची मोजणी झाली, झाडं नि विहिरी नोंदल्या गेल्या, मोबदल्याचे दर ठरले. मातीखाली काय आहे हे पाहणं मात्र कायद्याने कोणावरच बंधनकारक नव्हतं. १९५८चा केंद्राचा आणि १९६०चा राज्याचा कायदा सांभाळतो ती प्रामुख्याने घोषित स्मारकं. २०१०च्या दुरुस्तीने राष्ट्रीय स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आली, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रणाखाली आले. साधं शेत या चौकटीत बसत नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तिथेच आहे. कारण या किनाऱ्याचा इतिहास बराचसा शेतातच पुरलेला आहे.

चौलचंच पाहा. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आणि टॉलेमीच्या भूगोलात हे बंदर येतं, कान्हेरीच्या लेखांत चेमुलाचे, म्हणजे चौलचेच, दाते भेटतात, दहाव्या शतकात अरब प्रवासी अल्-मसुदी इथे येऊन जातो. तरीही सातवाहनकालीन बंदराची भौतिक खूण हाती लागली ती डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे आणि सहकाऱ्यांनी वाड्या-खाचरांत शोध घेऊन चर खणले तेव्हा. मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरी निघाल्या, समुद्रापलीकडून आलेल्या कुंभांची खापरं निघाली. खाड्या गाळाने भरत गेल्या, धक्क्यांच्या जागी खाजणं आणि पुढे शेतं आली. राजपुरी खाडीच्या आतल्या अंगाला कुडे लेणी आहेत, जवळच मांदाड. तिथली कथा फारशी वेगळी नाही. आणि नवे पूल कुठे? रेवस–कारंजा, रेवदंडा–साळाव, आगरदांडा–दिघी. खाडीचं मुख जुन्या बंदराला हवं होतं, तेच आजच्या सागरी रस्त्याला ओलांडावं लागतं. रस्ता जुन्या वस्त्यांच्या वाटेवर येणं हा इथे योगायोग म्हणता येत नाही.

म्हणून भराव पडण्याआधी शेतांची पुरातत्त्वीय पाहणी व्हावी, असं म्हटलं की पहिला आक्षेप येतो खर्चाचा आणि विलंबाचा. पण पाहणी म्हणजे काय? भातकापणीनंतर कोरड्या खाचरातून ठरावीक अंतराच्या ओळींनी चालत जायचं, वर आलेली खापरं गट नंबराप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत भरायची, बांधाच्या कापात मातीचे थर पाहायचे, आणि शंका येईल तिथेच लहान चर घ्यायचा. भूसंपादन वर्षानुवर्षं चालतं. हे काम त्या काळात सहज बसतं. उशीर होतो तो जेसीबी लागल्यावर काही सापडलं तर. इंग्लंडमध्ये १९९०पासून हा खर्च प्रकल्प करणाऱ्यावर टाकला जाऊ लागला. केंब्रिज–हंटिंगडन ए-१४ रस्त्यासाठी अडीचशेपर्यंत पुरातत्त्वज्ञ राबले, आणि रस्ताही झाला. परदेशाचं उदाहरण नको असेल तर नागार्जुनकोंडा आहे: धरणाचं पाणी येण्याआधी, १९५४ ते १९६०, अख्खं खोरं आपल्याच लोकांनी खणलं. धरणासाठी जे जमलं ते रस्त्यासाठी का जमू नये?

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. खापर सापडलं तर जमीन अडकेल, मोबदला रखडेल, ही भीती खरी आहे. तिच्यामुळेच सापडलेलं गुपचूप बांधात टाकलं जातं. म्हणून पाहणीचा मोबदल्याशी काही संबंध नसेल, हे अधिसूचनेतच लिहून द्यायला हवं. बहुतेक ठिकाणी जागा राखून ठेवण्याचीही गरज नसते. नोंद, छायाचित्रं, नमुने घेतले की भराव टाकायला हरकत नाही. नोंद नसताना पडलेला भराव मात्र सगळंच मिटवतो.

उघड्यावरच्या वस्तूंचीही फार काळजी घेतली गेली, असं नाही. अक्षीचा केशिदेवाचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. शके ९३४ हे अभ्यासक तुळपुळ्यांचं वाचन सर्वांना मान्य नाही, पण महत्त्वाबद्दल वाद नाही. तो दगड अलिबाग–रेवदंडा रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं उन्हापावसात उभा होता. डोळ्यांसमोरच्या लेखाची ही गत, तर जमिनीखालच्याची कल्पना करावी.

राज्याने रस्त्याच्या निविदेत पुरातत्त्वीय पाहणीचं एक कलम घालावं आणि आखणी पक्की होण्याआधी ती पूर्ण करावी. ज्यांच्या शेताला नोटीस आली आहे त्यांनी नांगराला लागलेली खापरं, नाणी, कोरीव दगड यांचे फोटो गट नंबरासह काढून ठेवावेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवावं. १८७८चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचं पुरलेलं काही सापडलं तर ते कळवणं त्याने बंधनकारक केलं आहे.