खरे सांगणाऱ्याला कायद्याचा आधार

काही वर्षांपूर्वी आपल्याच महाविद्यालयातून बी. कॉम. झालेला एक विद्यार्थी रविवारी सकाळी माझ्या घरी आला. एका सरकारी बँकेच्या खेड्यातील शाखेत तो कारकून होता. चहा घेता घेता म्हणाला, "सर, आमच्या शाखेत एकाच म्हशीवर तीन कर्जे दिली आहेत. म्हैस एक, दाखले तीन. आणि तिघांपैकी दोघांना आपल्या नावावर कर्ज आहे हेच ठाऊक नाही. मी काय करू?"

मी वाणिज्य शाखेचा प्राध्यापक, बँकविषयक कायदा वर्गात शिकवणारा. मी त्याला छातीठोकपणे सांगितले, "अरे, खऱ्याला भीती कसली? सरळ वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिही आणि खाली ठळक सही कर." त्याने तसेच केले. आठ दिवसांत ते पत्र ज्यांच्याविरुद्ध होते त्यांच्याच टेबलावर आले. महिन्याच्या आत त्याची बदली कलबुर्गीच्याही पलीकडे झाली. पुढे चौकशी झाली, कर्जे खोटी ठरली. पण बदली काही रद्द झाली नाही. घरी आजारी आई एकटी राहिली.

सल्ला माझा आणि शिक्षा त्याला! ही बोच मनातून जाईना, म्हणून मी हा विषय मुळापासून वाचून काढला. आपणांपैकी बहुतेक जण उद्या कुठे ना कुठे नोकरीला लागणार. तेव्हा मला उशिरा कळलेले आपणांस वेळेवर कळावे, एवढाच या लेखाचा हेतू.

या कायद्याची कथा एका पत्रापासूनच सुरू होते. सत्येंद्र दुबे हा कानपूरच्या आय. आय. टी. मधून बाहेर पडलेला अभियंता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात काम करीत होता. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातील गैरव्यवहार त्याने २००२ साली थेट पंतप्रधानांना पत्राने कळवले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्याचा खून झाला. तिघांना २०१० मध्ये शिक्षा झाली. खून लुटीसाठी झाला, हा तपासाचा निष्कर्ष अनेकांना पटला नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी, गुप्त ठेवायचे नाव गुप्त राहिले नाही, ही गोष्ट निर्विवाद आहे.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने एक ठराव काढला. त्याला 'पीआयडीपीआय' ठराव म्हणतात. लोकहितासाठी माहिती देणाऱ्याचे संरक्षण, असा त्याचा अर्थ. केंद्र सरकारची खाती, केंद्राचे सार्वजनिक उद्योग आणि सरकारी बँका यांतील भ्रष्टाचाराची अशी तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे करता येते. आयोगाने तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवायचे असते. तक्रार केली म्हणून छळ होऊ लागला, तर आयोग संबंधित खात्याला योग्य ते निर्देश देऊ शकतो. जिवाला धोका असल्यास पोलीस संरक्षणाचीही व्यवस्था आहे.

परंतु हे संरक्षण मिळते ते ठरलेल्या वाटेने गेलेल्यालाच. तक्रार बंद पाकिटातून, आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवावी. ती पीआयडीपीआय ठरावान्वये केलेली तक्रार आहे असे पाकिटावर स्पष्ट लिहावे. स्वतःचे नाव मात्र पाकिटावर मुळीच घालू नये. नाव-पत्ता आतील कागदावर, आरंभी किंवा शेवटी द्यावा, कारण निनावी तक्रार या ठरावाखाली घेतली जात नाही. मजकुरात "मी त्या दिवशी खिडकीवर होतो" अशा, लिहिणारा कोण हे उघड करणाऱ्या खुणा ठेवू नयेत. पोच येत नाही. ती आली नाही म्हणून स्मरणपत्रे धाडू नयेत. आणि तीच तक्रार वर्तमानपत्राला दिली, तर गुप्त ठेवण्यासारखे उरतेच काय? खोडसाळ तक्रार करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते, हेही ध्यानात असावे.

माझ्या विद्यार्थ्याजवळ सत्य होते, धैर्यही होते. नव्हते ते फक्त योग्य पाकीट.

आता या व्यवस्थेची उणी बाजू. सरकारी ठराव म्हणजे संसदेचा कायदा नव्हे. तसा कायदा झाला आहे. त्याला ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पण तो अमलात आणण्याची अधिसूचना अद्याप निघालेली नाही. पुस्तकात कायदा आहे, व्यवहारात चालतो तो २००४ चा ठरावच! शिवाय राज्य सरकारचे नोकर त्याच्या कक्षेत येत नाहीत. कर्नाटकात त्यांच्याविरुद्धची तक्रार १९८४ च्या कायद्यान्वये लोकायुक्तांकडे, प्रतिज्ञापत्रासह करावी लागते. खाजगी क्षेत्रासाठी २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १७७ आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक प्रकारच्या इतर कंपन्यांनी तक्रारीची अंतर्गत व्यवस्था ठेवलीच पाहिजे, आणि अपवादात्मक प्रसंगी कर्मचाऱ्याला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाता आले पाहिजे, असे ते सांगते. लहान दुकाने व कारखाने यांतील नोकराला मात्र असा आधार जवळजवळ नाहीच.

इतके करूनही सूड उगवला गेलाच, तर? सरकारी नोकराला चौकशीवाचून बडतर्फ करता येत नाही, असे घटनेचे ३११ वे कलम सांगते. त्याला मोजके अपवाद आहेत. सरकारी बँकेच्या अन्यायाविरुद्ध आपल्या भागातील माणसाला उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाकडे रिट अर्ज करता येतो. "पण सर, वकिलाला पैसे कोठून आणायचे?" हा प्रश्न खराच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेले लोक यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे जाऊन साधा अर्ज द्यावा.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. दप्तरातील मूळ कागद घरी नेऊ नयेत. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आयती संधी त्यातून मिळते. त्याऐवजी क्रमांक, तारीख, रक्कम टिपून ठेवावी. आणि पत्र टाकण्यापूर्वी एखाद्या जाणत्या वकिलाला विचारावे. उत्साही प्राध्यापकाला नव्हे!

गेल्या गणपतीत तो विद्यार्थी सुटीवर आला होता. मी हे सारे त्याला सांगितले आणि चुकलो असेही म्हणालो. तो हसून म्हणाला, "सर, म्हशी आजही तिथे आहेतच. आता पाकीट कसे लिहायचे ते कळले."